स्वस्त क्रँक, महाग क्रँक आणि पायाखालच्या करामती

सत्तर किलो वजनाचा माणूस चढावर सीटवरून उठतो आणि आडव्या आलेल्या पायडलवर सगळं अंग टाकतो. त्या क्षणी १७० मिलिमीटरच्या क्रँकवर किती टॉर्क येतो? सुमारे ११७ न्यूटन-मीटर. हीरो स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन जास्तीत जास्त ८ न्यूटन-मीटरच्या आसपास देतं. मारुतीची ऑल्टो के१० देते ८९. म्हणजे तुमच्या पायाखालच्या त्या वीतभर दांड्याला अख्ख्या मोटारीच्या इंजिनापेक्षा जास्त पीळ सोसावा लागतो! इंजिनं मिनिटाला हजारो फेरे मारतात म्हणून त्यांची एकूण ताकद जास्त. आपण साठ ते नव्वद फेऱ्यांत भागवतो. पण पिळाच्या बाबतीत सायकलचा क्रँक सहजासहजी हार जात नाही.

सपाट रस्त्यावर मात्र चित्र एकदम सौम्य होतं. १५० वॉट ताकद लावत मिनिटाला ९० फेरे मारलेत तर सरासरी टॉर्क जेमतेम १६ न्यूटन-मीटर. फेरे तेवढे मोजा: तासाला ५,४००. शंभर किलोमीटरची राइड चार तासांत संपवलीत तर २१,६००. एवढं राबणारा भाग निवडताना स्वतः सायकल जुळवणारे सगळेच अडतात. फ्रेम ठरते, चाकं ठरतात, टायरांवर एकमत होतं आणि गाडी क्रँकपाशी येऊन थांबते. स्वस्त घ्यावा, मधला घ्यावा, की एकदाच काय तो भारीतला?

माझं मत आधीच सांगतो. सगळ्यात स्वस्त क्रँक घेऊ नका, सगळ्यात महाग क्रँकची गरज नाही, आणि नावापेक्षा लांबी जास्त महत्त्वाची. आता यामागच्या गमती.

एकच एक्सल, दोन टोकं

शिमानो कंपनीच्या रोड सायकल क्रँकच्या यादीत तळाजवळ क्लॅरिस आहे आणि शिखरावर ड्युरा-एस. दोन्हींच्या एक्सलचा व्यास अगदी सारखा, २४ मिलिमीटर. पोकळ पोलादी एक्सल उजव्या आर्मला कायमचा जोडलेला आणि डावा आर्म दोन बोल्टांनी आवळायचा, ही रचनाही सारखीच. जो बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे एक्सल ज्यावर फिरतो तो फ्रेममधला बेअरिंगांचा संच) एकाला चालतो तो दुसऱ्यालाही चालतो. म्हणजे आज क्लॅरिस लावून निघालात आणि पुढे बढती घ्यावीशी वाटली, तर बीबीला हात लावायची गरज नाही.

मग पैसे जातात कुठे? आर्ममध्ये. क्लॅरिसचे आर्म भरीव असतात. शिमानोच्याच मधल्या पायरीवरच्या १०५ या मॉडेलपासून वर ते आतून पोकळ होतात. चेनरिंगांचा कडकपणा, दात कापण्यातली सफाई, एका रिंगवरून दुसरीवर चेन चढण्यातला झटपटपणा, हे सगळं पायरीपायरीने सुधारतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीनंतर मात्र सुधारणा ग्रॅममध्ये होते आणि किंमत उड्या मारते.

तीन सेकंदांची किंमत

बारा गिअरचा ड्युरा-एस क्रँक ६८५ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याच पिढीचा १०५ त्याहून साधारण ७० ग्रॅमने जड. सत्तर ग्रॅम म्हणजे अर्धी वाटी पाणी. आता गणित करा. स्वार, सायकल, बाटल्या मिळून ८० किलो धरले आणि चढ चढायला एक तास लागतो असं मानलं, तर या ७० ग्रॅमनी वाचतात जेमतेम तीन सेकंद. सिंहगडाचा रस्ता असो की आल्प्समधला घाट, आकडा तोच येतो. आणि या तीन सेकंदांसाठी १०५ च्या साधारण तिप्पट रक्कम मोजायची.

व्यावसायिक स्पर्धांमध्ये आणखी एक गंमत आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २००० सालापासून नियम केलाय की स्पर्धेची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही. त्यामुळे क्रँकमध्ये वाचवलेले ग्रॅम कित्येकदा दुसरीकडे भरून काढावे लागतात. तुम्हाआम्हाला हा नियम लागू नाही हे खरं, पण आपल्या पोटावरचा किलोभर मेद उतरवणं क्रँकपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं आणि बारा ते पंधरा पट जास्त वजन वाचवतं.

जेव्हा महागड्यांना परत बोलावलं

सप्टेंबर २०२३. शिमानोने जाहीर केलं की जुलै २०१९ पूर्वी बनलेले अकरा गिअरचे काही क्रँक तपासून घ्या. जगभरात मिळून सुमारे २८ लाख नग! एकट्या अमेरिकेत ६ लाख ८० हजार. यादीत कोण होतं? अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. म्हणजे घराण्यातले दोन सर्वात महागडे.

कारण त्यांच्या बनावटीत होतं. आर्म पोकळ आणि हलका व्हावा म्हणून तो दोन भागांत घडवून विशिष्ट गोंदाने चिकटवला जायचा. काही क्रँकमध्ये हा जोड काळाच्या ओघात सुटू लागला. आर्मची दोन शकलं व्हायला लागली. उत्तर अमेरिकेत अशा साडेचार हजारांहून जास्त घटनांची नोंद झाली आणि सहा जण जखमी झाले. त्याच काळातला १०५ या यादीत नव्हता. त्याच्या आर्ममध्ये हा चिकटवलेला जोडच नव्हता. थोडा जड, थोडा स्वस्त आणि या भानगडीपासून पूर्ण दूर.

वापरलेला क्रँक विकत घेत असाल तर ही हकिकत फार कामाची आहे. क्रँकच्या आतल्या बाजूला उत्पादनाची दोन अक्षरं कोरलेली असतात. शिमानोने तपासायच्या नगांची अक्षरं जाहीर केलेली आहेत. व्यवहार करण्याआधी ती जुळवून पाहा. नंतर कापडाने आर्म स्वच्छ पुसून, उजेडात धरून, जोडाच्या रेषेवर फट दिसते का ते बघा. आर्मवर जोर दिल्यावर कुरकुर येत असेल तर सौदा सोडून द्या, कितीही स्वस्त मिळाला तरी.

मजबुतीच्या चाचणीला किंमतपट्टी नसते, हेही इथेच सांगायला हवं. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात रेसिंग सायकलच्या क्रँकवर १,८०० न्यूटनचा भार, म्हणजे जवळजवळ १८३ किलोंचा दाब, हजारो वेळा दिला जातो. हे मानक पाळणाऱ्या स्वस्त क्रँकलाही हीच परीक्षा आणि महागालाही हीच. धोका असतो तो नाव-गाव नसलेल्या, चकचकीत पेटीतून येणाऱ्या नकली मालाचा. त्याला कुणी परीक्षेला बसवलेलंच नसतं.

लांबी: इथेच खरा खेळ आहे

क्रँकच्या आतल्या बाजूला, पायडलच्या भोकाजवळ एक आकडा कोरलेला असतो. १६५, १७०, १७२.५ किंवा १७५. विकत घेताना दहा जण पुढचं नाव वाचतात आणि एखादाच तो आकडा वाचतो. माझ्या मते संपूर्ण क्रँकवरची सगळ्यात मोलाची माहिती ती आहे.

वर्षानुवर्षं समज असा की लांब क्रँक म्हणजे लांब तरफ, म्हणजे जास्त ताकद. २००१ साली जेम्स मार्टिन आणि वनीन स्पिर्डुसो यांनी हे तपासून पाहिलं. सोळा सरावलेले सायकलपटू घेतले आणि त्यांना १२०, १४५, १७०, १९५ आणि २२० मिलिमीटर अशा पाच लांबींवर पूर्ण जोर लावायला सांगितलं. १२० म्हणजे लहान मुलांच्या सायकलीएवढा आणि २२० म्हणजे जवळजवळ अक्राळविक्राळ. निकाल काय? सर्वात चांगल्या आणि सर्वात वाईट लांबीत कमाल ताकदीचा फरक अवघा चार टक्क्यांच्या आसपास! १४५ ते १९५ या पट्ट्यात तर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तरफ आखूड झाली की पाय फेरे वाढवून भरपाई करतो, आणि गिअर बदलायला तर आपण मोकळेच असतो.

ताकद सारखीच मिळते, तर मग लांबीने काय बिघडतं? गुडघा. १७५ चा क्रँक काढून १६५ चा लावला आणि त्या प्रमाणात सीट १० मिलिमीटर वर घेतली, की पायडल सर्वात वर असतानाचं सीटपासूनचं अंतर २० मिलिमीटरने वाढतं. मांडी पोटावर कमी आदळते, गुडघा कमी दुमडतो, कंबरेवरचा ताण हलका होतो. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या कितीतरी बायका आणि पुरुष तयार सायकलीबरोबर आलेला १७० चा क्रँक वर्षानुवर्षं फिरवत असतात आणि गुडघेदुखीचा दोष वयाला देतात. कृपा करून एकदा तो आकडा वाचा.

व्यावसायिक सायकलपटू तादेय पोगाचारने २०२४ मध्ये इटलीची जिरो शर्यत, टूर द फ्रान्स आणि जागतिक अजिंक्यपद अशी तिन्ही शिखरं एकाच वर्षी सर केली, तेव्हा त्याच्या सायकलवर १६५ चे क्रँक होते. उंची जवळपास पावणेसहा फूट असूनही. पूर्वी त्याच्या उंचीच्या स्वाराला सरसकट १७२.५ दिला जायचा.

मधल्या पायरीपर्यंत पैसे टाकण्याचं खरं कारणही इथेच सापडतं. तळातल्या मॉडेलांत लांबीचे पर्याय मोजके. बारा गिअरचा १०५ मात्र १६० पासून १७५ पर्यंत पाच लांबींत मिळतो. उंची कमी असेल तर वरच्या पायरीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे इथे शंभर टक्के वसूल होतात.

उलटे आटे

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे सायकलच्या दुकानात बसणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण बीबीची तऱ्हा त्याच्या विरुद्ध! इंग्लिश आट्यांच्या बीबीमध्ये उजवा कप उलट्या आट्यांचा असतो आणि डावा सरळ. एकाच सायकलवर, हातभर अंतरात, दोन विरुद्ध नियम. कारण दोन्हीकडे एकच आहे. फिरता भार पडला की भोकातला दांडा भाराच्या विरुद्ध दिशेने कणाकणाने सरकत जातो, आणि पायडल क्रँकच्या भोकात बसतं तर कप फ्रेमच्या भोकात. म्हणून दिशा पालटते. इटालियन पद्धतीत दोन्ही कप सरळ आट्यांचे असतात, आणि त्यांचा उजवा कप सैल होण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

पायडलच्या या रचनेचा एक सुखद परिणाम असा की बेअरिंग अचानक जाम झालं तर पायडल आवळलं जाण्याऐवजी सुटायला लागतं. घोटा वाचतो. आणि घरी पायडल काढताना गोंधळ होत असेल तर हे लक्षात ठेवा: पाना वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पायडलं तशीच सुटतात.

कॉटर पिनची टकटक

हाफ पायडल मारत सायकल शिकलेल्या पिढीला कॉटर पिन वेगळी सांगायला नको. पोलादी क्रँक, त्यातून आरपार ठोकलेली उतरती पिन आणि तिला धरून ठेवायला एक नट. पिन झिजली की प्रत्येक फेऱ्याला पायाला टक्क असा झटका बसायचा. मग दुकानदार हातोडीने जुनी पिन उडवायचा आणि नवी ठोकायचा, पाच मिनिटांत काम संपायचं. नट आवळून पिन बसवायचा प्रयत्न करणारा हमखास आटे घालवायचा, कारण नटाचं काम पिन आत ओढण्याचं नाहीच.

या पिनेला निरोप देणारा क्रँक १९३३ साली आला. फ्रान्समधल्या सेंट-एतिएनच्या स्ट्राँगलाइट कंपनीचा ४९डी. ॲल्युमिनियमचा, चौकोनी निमुळत्या एक्सलवर बसणारा. पुढे दशकानुदशकं तो विकला गेला. गंमत बघा, नव्वदी पार केलेली ही चौकोनी रचना आजही बाजारात सगळ्यात स्वस्त सायकलींवर सापडते, आणि एका अतिशय महागड्या खेळातही. जपानमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या केइरिन शर्यतींवर अधिकृतपणे जुगार चालतो, प्रचंड पैसा लागतो. कुणाला यंत्राचा गैरफायदा मिळू नये म्हणून सायकलीचा प्रत्येक भाग मान्यताप्राप्त यादीतलाच असावा लागतो. त्या यादीतला एक नामवंत क्रँक म्हणजे सुगिनो ७५, ॲल्युमिनियमचा आणि चौकोनी एक्सलचा. जगातले काही सर्वात दणकट मांड्यांचे स्प्रिंटर त्यावर जोर काढतात. तेव्हा चौकोनी एक्सल बघून नाक मुरडण्याचं काही कारण नाही.

आपल्या पावसाळ्यात तर चौकोनी एक्सलचा बंद डब्यासारखा बीबी फार गुणी ठरतो. बेअरिंगं फ्रेमच्या आत सुरक्षित असतात, चिखलाचा मारा थेट बसत नाही. नव्या पद्धतीत बेअरिंगं फ्रेमच्या बाहेर लटकतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज सायकल चालवणाऱ्याने ती बदलण्याची तयारी ठेवावी.

खरोखर महाग पडणारा स्वस्त क्रँक

आता तळाच्या पायरीबद्दलचा माझा राग. अगदी स्वस्त क्रँकमध्ये चेनरिंगा रिव्हेटने ठोकून बसवलेल्या असतात. दात झिजले की रिंग बदलता येत नाही, अख्खा क्रँक फेकावा लागतो. बोल्टने बसवलेल्या रिंगा असतील तर क्रँक वर्षानुवर्षं टिकतो, फक्त रिंग बदलत राहायची. दुकानात क्रँक हातात घेतल्यावर पहिलं काम हेच करा: उलटा करून बोल्ट शोधा. बोल्ट दिसले नाहीत तर परत ठेवा.

रिंगांचा विषय निघालाच आहे तर लंबगोल रिंगांची आठवण काढायला हवी. शिमानोने १९८३ मध्ये बायोपेस नावाने त्या आणल्या, गाजावाजा झाला आणि काही वर्षांत त्या गुंडाळल्याही. पण २०१२ ची टूर ब्रॅडली विगिन्सने आणि २०१३ ची क्रिस फ्रूमने जिंकली ती वेगळ्या घाटाच्या लंबगोल रिंगा लावूनच. पटल्या तर लावा, मला गोलच आवडतात.

तेल, धूळ आणि ९८.६ टक्के

महाग क्रँकमुळे सायकल जास्त सहज पळते का? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी १९९९ मध्ये चेनची कार्यक्षमता मोजली. उत्तम स्थितीत ती ९८.६ टक्के निघाली, सर्वात वाईट स्थितीत ८१. कार्यक्षमता वाढली ती चेनवरचा ताण वाढल्यावर आणि मोठे चक्र वापरल्यावर. वंगणाने प्रयोगशाळेत फारसा फरक पडला नाही. पण प्रयोगशाळेत धूळ नसते. वंगण फटी भरून काढतं आणि धुळीला आत शिरू देत नाही, असा स्पायसर यांचा कयास होता. आपल्या रस्त्यांवर त्याचं मोल वेगळं सांगायला नको. थोडक्यात, घर्षणाची लढाई चेनवर लढली जाते. क्रँकवर वाचवलेल्या पैशांतून दोन चांगल्या चेन घेतल्यात तर सायकल जास्त खूश राहील.

महाग क्रँक मला एकाच कारणासाठी पूर्ण पटतो: पॉवरमीटर. जर्मन अभियंता उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये क्रँकमध्ये ताण मोजणारी यंत्रणा बसवली आणि स्वाराची ताकद रस्त्यावर, धावत्या सायकलवर वॉटमध्ये वाचता येऊ लागली. नामवंत सायकलपटू ग्रेग लेमाँ हा तिच्या सुरुवातीच्या वापरकर्त्यांपैकी एक. आज फक्त डाव्या आर्मवर बसवलेला मीटर तुलनेने परवडतो, आणि तो १०५ च्या आर्मवरही मिळतो. मनापासून सराव करणाऱ्याने पैसे हलकेपणावर खर्च करण्यापेक्षा इथे करावेत.

एक शेवटची सूचना, क्रँक कुठलाही असो. २४ मिलिमीटर एक्सलच्या शिमानो क्रँकमध्ये डाव्या टोकाची प्लास्टिकची टोपी फक्त बोटांच्या जोराने फिरवायची. तिचं काम बेअरिंगांमधली ढिलाई काढणं एवढंच. नंतर दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करत १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर पकड असमान बसते. चौकोनी एक्सलच्या क्रँकला याच्या तिप्पट जोर लागतो. टॉर्क पाना नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा मेकॅनिककडेच जा.

तर पहिल्यांदा सायकल जुळवणाऱ्याला माझा सल्ला असा: रिंगा बोल्टने बसवलेल्या, एक्सल २४ मिलिमीटरचा, लांबी स्वतःच्या उंचीला साजेशी, आणि किंमत १०५ च्या पुढे नाही. रोजच्या कामाची, पावसापाण्यातली सायकल असेल तर चांगल्या कंपनीचा चौकोनी एक्सलचा क्रँक बिनधास्त लावा. आणि आज घरी गेल्यावर आपल्या सध्याच्या क्रँकच्या आतल्या बाजूचा आकडा तेवढा वाचा. उंची सव्वापाच फुटांच्या आत असेल आणि तिथे १७० किंवा १७५ लिहिलेलं असेल, तर नवा क्रँक घ्यायचं पुरेसं कारण तुम्हाला सापडलं.